नाताळची भेट आणि दोन्हीकडचीं वडील मंडळी

आपल्या पंचांगांत नाताळास स्थान नाहीं. तरी पण डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला म्हणजे पुण्यासांगलीच्या कित्येक जुन्या वाड्यांतून, आणि त्या वाड्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या सदनिकांतून, एक नवीच काळजी वावरूं लागते हें पुष्कळ वाचकांच्या अनुभवास आलें असेल. कोणाची कन्या इंग्लंडांत नांदते, कोणाचा मुलगा वीस वर्षें अमेरिकेंत आहे. आणि त्यांपैकीं कांहींचे विवाह तिकडच्याच कुळांत झाल्यामुळें आपल्यांतील कित्येकांस ख्रिस्ती व्याही लाभले आहेत. अशा घरीं मुलगी दूरध्वनीवरून विचारते, "सासूबाईंना काय देऊं?" इकडे तिच्या आईस प्रश्न पडतो कीं, विहीणबाईंना काय पाठवावें? आणि तिसरा एक प्रश्न असतो, तो कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं. जावयानें पुढें केलेली भेट आपण घ्यावी कीं न घ्यावी?

पहिले दोन प्रश्न दुकानाचे आहेत; तिसरा घराचा आहे. परंतु तिसऱ्याचा उलगडा झाल्याखेरीज पहिल्या दोहोंचीं उत्तरें नीट सुचत नाहींत, असें मला दिसून आलें आहे.

'नाताळ' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. त्याचें मूळ लॅटिनमधील जन्मवाचक शब्दांत आहे. म्हणजे अर्थानें पाहूं गेल्यास तो आपल्या 'जयंती' शब्दाचाच सोयरा. गोमंतकांत हा सण चार शतकांहून अधिक काळ चालत आला असून तेथील ख्रिस्ती घरांतून या दिवसांत नेवऱ्या, दोदोल इत्यादि जिन्नस करून शेजारीं ताटें पाठवितात, आणि हिंदु शेजारी चतुर्थीला व दिवाळीला आपलें ताट पाठवितात. ती नेवरी म्हणजे आपली करंजीच होय. या देवघेवींत कोणासहि कसली चिंता पडत नाहीं, कारण तींत निवड नाहीं. जें प्रतिवर्षीं होतें तेंच घरांत होतें, आणि ताटावर रुमाल घालून तें पलीकडे जातें. इंग्लंड-अमेरिकेंतील नाताळच्या भेटींत मात्र सारी मेख निवडींतच आहे. अमुक व्यक्तीसाठीं अमुक वस्तु मीं मुद्दाम निवडली, हें त्या भेटीनें बोलावयाचें असतें.

ही रीति तेथेंहि फार प्राचीन आहे असें समजूं नये. प्राचीन रोमन लोक नववर्षाच्या आरंभीं भेटी देत. त्यांच्या त्या भेटींचें नांव फ्रेंच भाषेंत अद्यापि नववर्षाच्या भेटीसाठीं टिकून आहे. इंग्लंडांत एलिझाबेथ राणीच्या काळीं सरदारांनीं राणीस जे नजराणे द्यावयाचे ते नववर्षाच्या दिवशीं. घरांतील मंडळींनीं नाताळांत एकमेकांस वस्तु देण्याची आजची पद्धति मुख्यतः एकोणिसाव्या शतकांत रुजली. १८४३ सालीं डिकन्सची नाताळची सुप्रसिद्ध गोष्ट निघाली, आणि त्याच सालीं हेन्री कोल या गृहस्थानें नाताळचें पहिलें छापील शुभेच्छापत्र काढविलें. १८४८ त लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकानें व्हिक्टोरिया राणीचें कुटुंब शृंगारलेल्या झाडाभोंवतीं उभें असलेलें चित्र छापलें. तेव्हांपासून तें जर्मन झाड इंग्रज मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यांत आलें. १८६७ सालीं न्यूयॉर्कच्या मेसी या दुकानानें नाताळच्या आदल्या रात्रीं बारापर्यंत दार उघडें ठेविलें. त्यानंतर दुकानदारांनीं मागें पाहिलें नाहीं, आणि आतां तर नाताळ त्यांचाच आहे कीं काय अशी शंका यावी.

या लोंढ्याला तेथील शहाण्या माणसांनीं विरोध केलाच नाहीं असें नाहीं. १९१२ सालीं न्यूयॉर्कमध्यें निरुपयोगी भेटींस आळा घालण्याकरितां एक मंडळीच निघाली. दुकानांतून राबणाऱ्या गरीब मुलींना आपल्या वरिष्ठांस नाताळची भेट देणें भाग पडे. त्यांना या जाचांतून सोडवावें हा तिचा मूळ हेतु. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेहि तिचे सभासद झाले होते. भेट ही सक्तीची झाली कीं ती भेट राहत नाहीं, कर होते, हें आपल्याकडील हुंड्या-मानपानाचा इतिहास ठाऊक असणाऱ्यांस समजावून सांगावयास नको.

नोकरचाकर, टपालवाला यांना जें द्यावयाचें त्याचा दिवस इंग्लंडांत निराळा आहे. तो २६ डिसेंबर, आणि त्याला तिकडे पेटीचा दिवस म्हणतात. १८७१ च्या कायद्यानें त्या दिवशीं सुटी मिळूं लागली. आपलें दिवाळीचें पोस्त तें हेंच. घरच्या माणसांची भेट वेगळी आणि पोस्त वेगळें, ही वाटणी दोन्ही समाजांस आपोआप सुचली ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

आतां व्याही, जांवई, सुना यांच्याकडे वळूं. अमेरिकेच्या इंडियाना संस्थानांत मन्सी नांवाचें एक मध्यम शहर आहे. थिओडोर कॅप्लो या समाजशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७९ च्या आरंभीं तेथील ११० माणसांना गेल्या नाताळांत कोणी कोणास काय दिलें हें बारकाईनें विचारलें. एकंदर ४,३४७ भेटींची नोंद झाली. या नोंदींवरून त्यानें १९८४ सालीं एक निबंध लिहिला. त्याचें म्हणणें असें कीं, हे लोक कांहीं नियम अत्यंत कसोशीनें पाळतात. पण ते नियम कोठें लिहिलेले नाहींत, कोणी कोणाला शिकविलेले नाहींत, आणि ते मोडल्यास शिक्षाहि नाहीं. एखाद्या धर्मसूत्रकाराला हेवा वाटावा अशी ही स्थिति आहे.

त्यांपैकीं तीन नियम आपल्या विषयाशीं निगडित आहेत. प्रत्येकानें आईबापांस व मुलांस भेट द्यावी, आणि त्यांच्या पतीस अगर पत्नीसहि द्यावी, हा पहिला. म्हणजे सून किंवा जांवई हे परके न मानतां मुलाच्या पंक्तीस बसवावयाचे. दुसरा असा कीं, आईबापांनीं सर्व मुलांना सारखें लेखलें पाहिजे. एकास अधिक आणि एकास उणें दिलें तर तें वर्षभर लक्षांत राहतें. आणि तिसरा नियम तर मला फारच मार्मिक वाटला. वडिलांनीं धाकट्यांस रोख पैसे दिले तर तें शोभतें. परंतु धाकट्यांनीं वडिलांस पैसे देणें अप्रशस्त, मग मुलगा कितीहि श्रीमंत आणि बाप कितीहि गरीब असो. आजीनें नातवाच्या हातावर रुपया ठेवावा, नातवानें आजीच्या हातावर ठेवूं नये. त्यानें तिच्यासाठीं चष्म्याचें घर आणावें. आपल्याकडेहि भावना हीच नाहीं काय?

याच नोंदींत हेंहि निघालें कीं, भेटी निवडणें, विकत आणणें, कागदांत गुंडाळणें हें सारें काम बहुतेक बायकांच्या अंगावर पडतें. नवऱ्याच्या आईची भेट सून शोधते आणि चिठ्ठीवर नांव दोघांचें पडतें. सासूला ती आवडली तर मुलगा गुणी, न आवडली तर सुनेला पारख नाहीं. हा न्याय मन्सींतला म्हणून मीं लिहिला. सदाशिव पेठेंतल्या वाचकांना तो अनोळखी वाटला नाहीं तर त्यास माझा इलाज नाहीं. ज्याची आई त्यानें तिची भेट स्वतः शोधावी, एवढी सुधारणा केली तरी निम्मा नाताळ सुखाचा होईल असें माझें स्पष्ट मत आहे.

अर्थशास्त्रज्ञ मात्र भेटींवर रागावलेले असतात. जोएल वाल्डफोगेल या अध्यापकानें १९९३ सालीं एका निबंधांत असा हिशेब मांडला कीं, घेणाराच्या दृष्टीनें पाहिल्यास भेटींच्या किंमतीपैकीं एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत भाग फुकट जातो. कारण देणारा जी वस्तु आणतो तिला घेणारानें स्वतः तेवढे पैसे मोजले नसते. यासाठीं त्यानें आपल्या विद्यार्थ्यांस भेटींची किंमत करावयास सांगितली ती त्यांतील मायेचा भाग वगळून. जेवणाची किंमत करावी पण चव वगळून करावी, अशासारखेंच हें झालें! तरी पण त्या निबंधांत घेण्याजोगी एक गोष्ट आहे. जे नातलग घेणाराच्या रोजच्या जीवनापासून दूर असतात त्यांच्या भेटी अधिक चुकतात, आणि म्हणूनच आजीआजोबा, मामा-काका बहुधा रोख पैसे देतात. ज्यांना माहिती कमी त्यांनीं पैसे द्यावे; ज्यांना पैसे देण्याची मुभा नाहीं त्यांनीं माहिती मिळवावी. सुना, जांवई आणि व्याही हे सारे या दुसऱ्या वर्गांतले.

आपल्या जुन्या व्यवस्थेंत या भेटीगांठींचें चित्र कसें होतें? शास्त्रकारांनीं स्त्रीधनाचे प्रकार सांगतांना सासूसासऱ्यांनीं प्रीतीनें सुनेस दिलेलें तें 'प्रीतिदत्त' आणि ती पायां पडतांना दिलेलें तें 'पादवंदनिक' असें निराळें नांव देऊन ठेविलें आहे. सुनेला संक्रांतीस हलव्याचे दागिने, जांवयाला दिवाळसण, अधिकमासांत तेहतीस अनारशांचें वाण, लग्नांत विहिणीचा मान, हें सारें आपणांस परिचित आहे. यांतील पुष्कळ रीति गोड आहेत. परंतु नीट पाहिलें असतां एक गोष्ट ध्यानांत येते. दोन व्याह्यांमधील प्रवाह बहुधा एकाच दिशेनें वाहतो, मुलीकडून मुलाकडे. मुलाकडून मुलीच्या आईबापांकडे येणाऱ्या वस्तूस आपल्या भाषेंत धड नांवहि नाहीं. उलट, मुलीस मूल होईपर्यंत तिच्या घरचें पाणीहि घ्यावयाचें नाहीं असा कडक नेम आपल्या आज्यांनीं पाळला. १९६१ सालीं हुंडाबंदीचा कायदा झाला. पण कायद्यानें देणें थांबविण्याचा प्रयत्न केला, घेण्याचा संकोच कांहीं त्याला काढतां आला नाहीं.

हा संकोच किती खोल असतो हें मीं आमच्याच घरीं पाहिलें. माझी पुतणी इंग्लंडांत लेस्टर येथें असते. तिचे यजमान इंग्रज असून त्यांचे आईवडील यॉर्कशायरकडे राहतात. २०२२ च्या नाताळांत माझे धाकटे बंधु व भावजय प्रथमच तिकडे गेलीं, आणि दोन्ही व्याही एका छपराखालीं चार दिवस राहिले. बंधूंनीं येथून चांदीच्या समयांची भारी जोडी नेली होती. मुलीकडचे म्हणून आपण कमी पडूं नये, ही त्यांची समजूत. सकाळीं झाडाखालच्या भेटी उघडण्यांत आल्या. विहीणबाईंनीं भावजयीसाठीं स्वतः विणलेले लोकरीचे मोजे आणि बंधूंसाठीं इंग्लंडांतील पक्ष्यांचें एक सचित्र पुस्तक ठेविलें होतें. सकाळचा चहा झाल्यावर बंधु गच्चींतून पांखरें पाहतात, एवढें त्यांनीं सुनेकडून काढून घेतलें होतें. मग समया निघाल्या. विहीणबाईंनीं त्यांची तोंड भरून स्तुति केली, परंतु संध्याकाळीं त्यांनीं सुनेला बाजूस घेऊन विचारलें, "एवढ्या मोलाची वस्तु आम्हीं परत द्यावी अशी अपेक्षा तर नाहीं ना?"

तिकडच्या रीतीप्रमाणें बेताबाहेरची भेट म्हणजे घेणाऱ्यावर न मागतां चढविलेलें ऋण होय. आमच्या बंधूंनीं जो मान म्हणून दिला तो त्या बाईंना बोजा वाटला. दोष कोणाचाहि नाहीं. शब्द एक, कोश दोन.

याहून अवघड प्रसंग त्याच सकाळीं पुढें आला. जांवयानें आपल्या सासूसाठीं एक दिवा आणला होता. मोठें भिंग बसविलेला, मान वांकवितां येणारा. भावजयीची दृष्टि मंदावली असून पोथी वाचतांना आणि शिवतांना तिला त्रास होतो, हें त्याच्या नजरेंतून सुटलें नव्हतें. तिनें तो हातांत न घेतां मेजावर ठेवावयास सांगितलें, आणि हंसून विषय बदलला. जांवयानें रात्रीं बायकोला विचारलें, "माझें कांहीं चुकलें का? त्यांच्या म्हातारपणाकडे बोट दाखविल्यासारखें झालें का?" त्या बापड्याला काय ठाऊक कीं, हरकत दिव्याला नव्हती, जांवयाला होती!

परत आल्यावर भावजयीनें मला सरळ विचारलें, "भाऊजी, जांवयाचें घ्यायचें कसें? आमच्या आईनें मुलीकडचा विडासुद्धां घेतला नाहीं." मीं तिला शास्त्र सांगितलें. मनूनें बापाला बजाविलें आहे कीं, मुलीबद्दल अल्पहि शुल्क घेऊं नये. घेणारा अपत्य विकणारा ठरतो. माझ्या मतें जांवयाकडून कांहीं न घेण्याचा आपला नेम त्याच भयांतून आलेला आहे. कन्येचा मोबदला म्हणून कांहीं येतां कामा नये, हें त्याचें बीज; आणि तें बीज फार उत्तम आहे. पण दिवा हा मोबदला नव्हे. तो ज्या झाडाखालीं ठेवला होता त्याच झाडाखालीं त्याच्या आईसाठीं सुनेनें आणलेली भेटहि होती. दोहोंकडून येतें आणि दोहोंकडे जातें, तेथें विक्रीची शंका कशी राहील? गीतेच्या सतराव्या अध्यायांत परतफेडीच्या आशेनें दिलेलें दान राजस म्हटलें आहे हें खरें. परंतु तो विचार दानाचा आहे. भेट हें दान नव्हे; संस्कृतांत तिला 'उपायन' हा निराळा शब्द आहे. सुदाम्याच्या बायकोनें शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून मागून आणलेले चार मुठी पोहे फाटक्या वस्त्रांत बांधून दिले, त्यांस भागवतकारांनीं हाच शब्द योजिला आहे.

"शास्त्र तुमचें, भाऊजी," ती म्हणाली, "पण सवय मला माझ्या आईनें लावली." दिवा ती लेस्टरलाच ठेवून आली होती. तेथें गेलें कीं वापरीन, म्हणाली.

पुढील वर्षीं आमच्या पुतणीनें शहाणपणा केला. नोव्हेंबरांतच तिनें दोन्ही घरीं कळविलें कीं, कोणीहि वीस पौंडांहून अधिक खर्च करावयाचा नाहीं. हातानें केलेल्या वस्तूला मर्यादा नाहीं. तिकडे पुष्कळ कुटुंबांतून अशी मर्यादा आगाऊ ठरवितात आणि त्यांत कोणासहि कमीपणा वाटत नाहीं. भावजयीनें जुन्या सुती साड्या व लुगडीं काढलीं आणि बसून एक गोधडी शिवली.

वडील माणसांस काय द्यावें याचा विचार करतांना मला नेहमीं लुइझा आल्कट या अमेरिकन लेखिकेची १८६८ सालची कादंबरी आठवते. शांताबाई शेळक्यांनीं ती 'चौघीजणी' म्हणून मराठींत आणली. तींतील चार बहिणींजवळ एकेक डॉलर असतो आणि प्रत्येकीला त्यांतून स्वतःला कांहीं तरी घ्यावयाचें असतें. शेकोटीपाशीं आईच्या सपाता ऊन करावयास ठेवतांना त्या अगदीं झिजल्या आहेत असें त्यांच्या नजरेस येतें, आणि सगळ्याजणी आपापला डॉलर आईवर खर्च करण्याचें ठरवितात. एक सपाता घेते, एक हातमोजे, एक रुमालांना कांठ शिवून त्यांवर अक्षरें भरते. धाकटी मात्र अत्तराची लहान बाटली घेऊन उरलेले पैसे स्वतःसाठीं ठेवते. मग तिला राहवत नाहीं, आणि ती धांवत जाऊन ती बदलून मोठी बाटली आणते. भेट कशी निवडावी हें याहून चांगलें मला कोठें सांगितलेलें आढळलें नाहीं. आधीं घरांत काय झिजलें आहे तें पाहावें.

कारण साठी उलटलेल्या माणसास वस्तूंची वाण नसते. माझ्याच कपाटांत मिळालेल्या चार शाली घडीच्या घडी पडून आहेत. आम्हां वृद्धांचें जें झिजतें तें बहुधा दुकानांत दिसत नाहीं. नजर झिजते, बोटें झिजतात, नांवें विसरतात. म्हणून जुन्या छायाचित्रांच्या मागें कोण कोण आहे हें वडिलांना विचारून लिहून काढावें आणि तें पुस्तक करून द्यावें. सासऱ्यांच्या आवडीचा ग्रंथ मोठ्या टायपांत मिळतो का तें पाहावें. आईच्या हातची तेलकट झालेली पाककृतींची वही स्वच्छ लिहून दोन्ही घरीं एकेक प्रत द्यावी. एका मुलीनें तर वडिलांच्या तोंडून त्यांच्या बालपणच्या हकीकती रोज थोड्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या आणि सासूसासऱ्यांसाठीं त्यांचें इंग्रजी करून दिलें. त्यामुळें कधीं न भेटलेले दोन व्याही एकमेकांच्या गांवच्या शाळांविषयीं पत्रें लिहूं लागले.

एक सावधगिरी मात्र अवश्य राखावी. काठी, रक्तदाब मोजण्याचें यंत्र, कानाचें यंत्र, न्हाणीघरांतली धरावयाची दांडी ह्या वस्तु फार उपयोगी आहेत. त्या साध्या मंगळवारीं आणून द्याव्या. सणाच्या सकाळीं लाल कागदांतून रक्तदाबाचें यंत्र निघालें तर कोणाचाहि रक्तदाब वाढावा! भिंगाचा दिवा चालला, कारण त्यानें शिवणें पुन्हां हातीं येतें. जी वस्तु आवडीचें काम परत मिळवून देते ती द्यावी; जी केवळ दुखण्याची आठवण देते ती त्या दिवशीं नको.

खाद्यपदार्थांविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें जरूर आहे, कारण आपल्या बायकांचा पहिला ओढा तिकडेच असतो. ब्रिटनमध्यें हिंदुस्थानांतून येणाऱ्या प्रवाशास दुग्धजन्य पदार्थ आणण्याची बंदी आहे. तेव्हां पेढे, बर्फी, घरचें तूप विमानतळावरच ठेवून यावें लागतें. तळलेला चिवडा, तिळाच्या वड्या, चटण्या यांना ती अडचण नाहीं. मात्र शेंगदाणे, काजू-बदाम आणि तीळ यांनीं तिकडील कांहीं लोकांस खरोखरीचा अपाय होतो. तेथील कायद्यांत ज्या चौदा अन्नघटकांचा उल्लेख वेष्टनावर ठळकपणें करावा लागतो त्यांत हे तीनहि आहेत. म्हणून घरगुती डब्यावरहि आंत काय काय आहे याची चिठ्ठी इंग्रजींत चिकटवावी, आणि देण्यापूर्वीं मुलीकडून चौकशी करावी.

उलट बाजूनेंहि अशीच अडचण येते. नाताळची पारंपरिक इंग्रजी पुडिंग आणि सुक्या मेव्याच्या लहान पाया यांत गाईबैलाची चरबी घालण्याची चाल आहे, आणि पुडिंगवर ब्रँडीहि ओततात. भाबडे व्याही मोठ्या प्रेमानें तो डबा पुढें करतात. अलीकडे वनस्पतिजन्य चरबीच्या पुडिंगा सर्वत्र मिळतात आणि वेष्टनावर तसें लिहिलेलें असतें, तेव्हां घरांत शाकाहार किती कडक आहे हें मुलीनें किंवा जांवयानें आधींच सांगून ठेवणें हाच उपाय. समोर आलेला डबा नाक मुरडून परत करणें हा उपाय नव्हे. आभार मानून घ्यावा आणि खाणाऱ्याला द्यावा.

रीतिभातींतले दोनचार भेद ठाऊक असलेले बरे. आपल्याकडे देणाऱ्यासमोर पुडकें फोडणें अधाशीपणाचें मानतात. तेथें तें न फोडणें हा रुक्षपणा होय. ज्याची वस्तु त्याच्या देखत उघडावी आणि दोन शब्द बोलावे. दुकानदाराकडून किंमत नसलेली पावती मागून घेतां येते. ती आंत ठेवली म्हणजे घेणाऱ्यास माप अगर रंग बदलून आणतां येतो, आणि त्यांत अपमान नाहीं. पाकिटांत एकशें एक रुपये घालून विहीणबाईंस देऊं नयेत. वरच्या रुपयाचा शकुन समजावतां समजावतां मुलीच्या तोंडाला फेंस येतो. देशोदेशींचे दिवसहि निरनिराळे आहेत. इंग्रज व अमेरिकन घरांत २५ तारखेची सकाळ, जर्मनांकडे २४ ची संध्याकाळ, डच मुलांना संत निकोलसाच्या ५ डिसेंबरच्या रात्रीं, स्पेनमध्यें परंपरेनें ६ जानेवारीस. ज्यांचे व्याही माद्रिदचे असतील त्यांना टपालासाठीं बारा दिवस अधिक मिळतात, हें त्यांचें भाग्य.

आणि भेट मिळाल्यावर पत्र लिहावें. इंग्रज कुटुंबांतून मुलांना नाताळनंतर ओळीनें बसवून आभाराचीं पत्रें लिहावयास लावण्याची जुनी चाल आहे. आतां ती ओसरत असली तरी वयस्क मंडळी अजून पत्राची वाट पाहतात. दूरध्वनीवरचे दोन शब्द त्यास पुरत नाहींत. पत्र मराठींत लिहिलें तरी चालेल. मुलीनें खालीं अर्थ लिहावा.

आमच्या विहीणबाईंचें पत्र २०२४ च्या जानेवारींत भावजयीला आलें. गोधडी त्यांनीं स्वतःच्याच पलंगावर घातली होती, आणि तींतला कोणता तुकडा कोणाच्या वस्त्राचा आहे हें त्यांना जाणून घ्यावयाचें होतें; सोबत गोधडीचा नकाशा काढून चौकटींना आंकडे घातले होते. भावजयीनें उत्तर लिहावयास घेतलें तें मला दाखविलें. चार पानें झालीं होतीं आणि ती अजून सतराव्या चौकटीवर होती. ती चौकट माझ्या आईच्या हिरव्या इरकली लुगड्याची. भिंगाचा दिवा मेजावर जळत होता. "कधीं आणलास?" असें मीं विचारलें तेव्हां मान वर न करतां ती म्हणाली, "आतां गोधडी गेली ना तिकडे. फिटंफाट झाली."